जुन्या गाडीचा मूळ रेडिओ बिघडला तर: दोष बाहेरून आत शोधण्याची रीत

एका जुन्या गाडीतल्या मूळ रेडिओचा आवाज अधूनमधून जायचा. मी तो डॅशबोर्डमधून काढला, उघडला, स्पीकरला आवाज देणारा आयसी बदलला, शंका आली ते सगळे सांधे नव्याने सोल्डर केले. दोन दिवस तो व्यवस्थित चालला आणि पुन्हा मुका झाला. शेवटी दोष सापडला तो चालकाच्या दारात. बिजागरीजवळच्या रबरी नळीतून जाणारी स्पीकरची वायर इतक्या वर्षांच्या उघडझापीने सोलली होती आणि दार एका ठरावीक कोनात आलं की आतली तांब्याची तार पत्र्याला टेकायची. ती टेकली की रेडिओ स्वतःला वाचवण्यासाठी सगळ्याच स्पीकरचा आवाज तोडायचा. म्हणजे ज्याला मी आजारी समजलो तो रेडिओ आपलं काम चोख करत होता.

तेव्हापासून मी एक क्रम सोडत नाही. रेडिओला बाहेरून चार गोष्टी लागतात: वीज, पक्कं अर्थिंग (म्हणजे पत्र्यातून बॅटरीकडे जाणारी विजेची परतीची वाट), अँटेना आणि स्पीकरपर्यंत जाणाऱ्या धड वायरी. या चारही ठीक आहेत याची खात्री होईपर्यंत सेटचं झाकण उघडायचं नाही. जुन्या गाड्यांत ‘मेला’ म्हणून काढून टाकलेले कितीतरी सेट या चारपैकी एका कारणाने गप्प बसलेले असतात.

मूळ सेट वाचवण्यासाठी एवढा खटाटोप का करायचा? तो त्या डॅशबोर्डसाठी घडवलेला असतो. त्याच्या दिव्यांचा रंग मीटरच्या दिव्यांशी जुळतो, बटणांची ठेवण हाताला सवयीची असते, आणि काही गाड्यांत घड्याळ किंवा स्टीअरिंगवरची बटणं त्याच्यावरच अवलंबून असतात. त्याहून मोठं कारण असं, की नवा सेट बसवताना घाईत मूळ कनेक्टर कापले जातात आणि ते नुकसान भरून काढणं फार कटकटीचं होतं. शिवाय जुन्या सेटमधले बरेच भाग साध्या सोल्डरिंग आयर्नने बदलता येतात.

आधी लक्षण लिहून काढा

हत्यारं हातात घेण्याआधी दहा मिनिटं गाडीत बसा आणि रेडिओ नेमकं काय करतो, काय करत नाही ते कागदावर लिहा. ‘चालत नाही’ या दोन शब्दांत निदान पाच वेगवेगळे बिघाड दडलेले असतात.

दिवाही लागत नाही आणि आवाजही नाही, तर शोध विजेपासून आणि अर्थिंगपासून सुरू करायचा. दिवा लागतो, आकडे दिसतात पण कुठलाच आवाज नाही, तर संशय स्पीकरच्या वायरींवर, वेगळ्या अँप्लिफायरवर किंवा सेटमधल्या आउटपुट आयसीवर. कॅसेट किंवा सीडी नीट वाजते पण स्टेशन लागत नाहीत, तर अँटेना किंवा ट्यूनर, म्हणजे सेटमधला स्टेशन पकडणारा भाग. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की स्टेशनं आणि घड्याळ विसरतो, तर कायम मिळणारी वीज तुटलेली आहे. आणि सगळं चालतं पण खरखर किंवा शिट्टी येते, तर तो निराळाच विषय. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

बॅलन्स (डावा-उजवा आवाज) आणि फेडर (पुढचा-मागचा आवाज) चारही दिशांना फिरवून बघा. हा उपाय इतका साधा आहे की बहुतेकांना सुचत नाही. फेडर चुकून पूर्ण मागे गेलेला असेल आणि मागचे स्पीकर फाटलेले असतील, तर सेट मुका वाटतोच. मग दोष कधी येतो तेही टिपा: गाडी उन्हात तापल्यावर, खड्ड्यातून गेल्यावर, दार उघडल्यावर, हेडलाइट लावल्यावर? तापल्यावर येणारा दोष बहुतेक वेळा सेटच्या आतला असतो. खड्ड्यात येणारा लूज कॉन्टॅक्टचा. हेडलाइट लावल्यावर आवाज बदलत असेल तर अर्थिंग कमजोर आहे, असं मी धरून चालतो.

गाडी दुसऱ्या देशातून आणलेली असेल तर बिघाड नसतानाही स्टेशनं लागत नाहीत. जपानी बाजारासाठीचे जुने सेट एफएमवर ७६ ते ९० मेगाहर्ट्झच पकडतात, तर इतर बहुतेक देशांत एफएम साधारण ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये चालतं. अमेरिकी सेट एएमवर १० किलोहर्ट्झच्या पावलांनी सरकतात आणि इतर बऱ्याच देशांत ही पावलं ९ ची असतात, त्यामुळे ते नेमक्या स्टेशनवर बसत नाहीत. काही सेटमध्ये हा पट्टा दोन बटणं एकत्र दाबून बदलता येतो. सेटच्या पुस्तिकेत ते दिलेलं असतं.

बॅटरीला हात लावण्याआधी कोड शोधा

१९९० च्या आसपासच्या आणि नंतरच्या अनेक सेटना चोरीपासून संरक्षण म्हणून कोड दिलेला असतो. बॅटरी काढली किंवा फ्यूज उपसला की पडद्यावर ‘कोड’ किंवा ‘सेफ’ असं काहीतरी येतं आणि आकडे भरेपर्यंत सेट उघडत नाही. कितीतरी लोक अशा सेटला बिघडलेला समजतात. कोड गाडीच्या पुस्तिकेत, वेगळ्या कार्डावर, कधी ग्लोव्ह बॉक्सच्या आतल्या स्टिकरवर असतो. तो नसेल तर सेटवरचा सीरियल नंबर आणि गाडीची कागदपत्रं घेऊन कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे विचारावं लागतं.

अंदाजाने आकडे टाकत बसू नका. काही चुकीच्या प्रयत्नांनंतर सेट स्वतःला कुलूप लावतो. अशा वेळी बहुतेक सेट चालू अवस्थेत तसेच ठेवावे लागतात, कधी तासभर तर कधी त्याहून जास्त, तेव्हा पुन्हा संधी मिळते.

फ्यूज

रेडिओला बहुधा दोन वाटांनी वीज येते आणि या दोन वाटांचे फ्यूज वेगवेगळे असू शकतात. एक कायमची, जी चावी काढल्यावरही स्टेशनं आणि घड्याळ लक्षात ठेवते. दुसरी चावी फिरवल्यावर येणारी. पुष्कळ गाड्यांत यातला एक फ्यूज छतावरच्या दिव्याशी, घड्याळाशी किंवा सिगारेट लायटरशी वाटून घेतलेला असतो. म्हणून रेडिओबरोबर छताचा दिवाही गेला असेल तर अर्धं कोडं सुटलं. तिसरा फ्यूज खुद्द सेटच्या पाठीवर असतो आणि तो अनेकांच्या नजरेतून सुटतो.

फ्यूज डोळ्यांनी बघून ठरवू नका. चपट्या फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडी टोकं असतात. चावी चालू ठेवून मल्टीमीटर किंवा टेस्ट लॅम्पने दोन्ही टोकांवर वीज आहे का ते बघा. एकावर आहे आणि दुसऱ्यावर नाही तर फ्यूज उडालेला. दोन्हीवर नाही तर फ्यूजच्या आधीच काहीतरी तुटलं आहे. रंग लक्षात ठेवले तर काम सोपं होतं: लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०. जेवढ्याचा होता तेवढ्याचाच घाला. उडतो म्हणून मोठा घातला किंवा चांदीचा कागद गुंडाळला, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी डॅशबोर्डमागची वायर जळेल.

नवा फ्यूजही लगेच उडत असेल तर रेडिओचा कनेक्टर सोडवा आणि मग फ्यूज घाला. आता टिकला तर शॉर्ट सेटमध्ये आहे. तरीही उडाला तर गाडीच्या वायरिंगमध्ये. एकेक फ्यूज वाया घालवण्यापेक्षा एक जुनी युक्ती वापरा. १२ व्होल्ट, २१ वॅटचा इंडिकेटरचा दिवा दोन वायरी जोडून फ्यूजच्या जागी लावा. शॉर्ट असेपर्यंत तो लख्ख पेटतो आणि जेमतेम पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त करंट जाऊ देत नाही. मग वायरिंग हलवत जा. जिथे हलवल्यावर दिवा मंद होईल तिथेच शॉर्ट.

सेटच शॉर्ट दाखवत असेल तर गाडीला कधी उलटी बॅटरी लागली होती का, किंवा दुसऱ्या गाडीवरून स्टार्ट देताना वायरी उलट्या लागल्या होत्या का, हे आठवा. अनेक सेटमध्ये वीज येते तिथेच प्लस आणि अर्थच्या मध्ये एक डायोड, म्हणजे एकाच दिशेने वीज जाऊ देणारा छोटा भाग, बसवलेला असतो. उलटी वीज आली की तो स्वतः शॉर्ट होतो आणि फ्यूज उडवून बाकीच्या सर्किटला वाचवतो. तो बदलला की सेट पुन्हा उभा राहतो. झाकण उघडायच्या टप्प्यावर सगळ्यात आधी हाच डायोड तपासा.

सेट बाहेर काढताना

एअरबॅग असलेल्या गाडीत बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवा आणि डॅशबोर्डला हात लावण्यापूर्वी पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबा. सहसा तो काही मिनिटांचा असतो. एअरबॅगच्या वायरी बऱ्याच गाड्यांत पिवळ्या वेष्टनात असतात. त्या ओढू नका आणि त्यांवर मल्टीमीटर लावू नका.

एक डिन मापाच्या सेटचं तोंड साधारण १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच असतं. युरोपीय सेटच्या दोन्ही कडांना बारीक छिद्रं असतील तर तिथे काढायच्या किल्ल्या घालाव्या लागतात. टक् असा आवाज आला की दोन्ही बाजूंनी सारखा जोर देऊन ओढायचं. छिद्रं नसतील तर आजूबाजूची पट्टी किंवा चौकट निघते आणि मागे स्क्रू दिसतात. जुनं प्लॅस्टिक थंडीत काचेसारखं तडकतं, म्हणून गाडी थोडी ऊबदार असताना काम करा आणि स्क्रू ड्रायव्हरऐवजी प्लॅस्टिकची पट्टी वापरा. सेट बोटभर बाहेर आला की थांबा. मागे अँटेनाची जाड वायर असते आणि ती बरेचदा आखूड असते. झटका दिला तर प्लग उपसला जातो. कनेक्टर सोडवण्याआधी फोटो काढून ठेवा.

कनेक्टरवर वीज आणि अर्थिंग तपासा

खरा उलगडा बहुधा इथेच होतो, त्यामुळे इथे वेळ द्या. आता मोजमापासाठी बॅटरी परत जोडावी लागेल, तेव्हा मोकळे कनेक्टर पत्र्याला टेकणार नाहीत असे ठेवा.

अनेक युरोपीय गाड्यांत आठ-आठ पिनांचे दोन ठोकळे असलेला आयएसओ कनेक्टर असतो. विजेच्या ठोकळ्यात ४ नंबरवर कायमची वीज, ७ वर चावीची, ८ वर अर्थ, ५ वर अँटेनाला जाणारी वीज आणि ६ वर दिव्यांची लाइन असते. काही कंपन्यांनी ४ आणि ७ ची अदलाबदल केलेली असते, म्हणून नंबरवर विसंबून न राहता मोजा. इतर कनेक्टरसाठी त्या गाडीचा वायरिंग नकाशा लागेल. बाहेरून घेतलेल्या सेटच्या पिवळी, लाल, काळी या रंगसंगतीवर मूळ वायरिंगच्या बाबतीत भरवसा ठेवू नका. कारखान्यातून आलेल्या गाडीत प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे.

चावी बंद ठेवून कायमच्या पिनवर बॅटरीइतकाच व्होल्टेज दिसायला हवा. चांगली चार्ज झालेली, विसावलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. चावी अॅक्सेसरीवर फिरवली की दुसऱ्या पिनवरही तेवढाच यायला हवा. या वेळी चावी किंचित मागेपुढे हलवून बघा. आकडा थरथरला किंवा गायब झाला तर इग्निशन स्विचचे आतले कॉन्टॅक्ट झिजले आहेत आणि रेडिओ निर्दोष आहे.

पण आकडा दिसला म्हणजे वीज आहे, असं समजू नका. दहा तारांपैकी नऊ तुटून एकच शिल्लक राहिलेली वायरही मल्टीमीटरवर १२ व्होल्ट पूर्ण दाखवते, कारण मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. रेडिओ चालू होऊन करंट ओढायला लागला की तोच व्होल्टेज कोसळतो. म्हणून मी मीटरबरोबर ५ वॅटचा छोटा दिवा नेहमी ठेवतो. त्याची एक वायर विजेच्या पिनला आणि दुसरी खुद्द कनेक्टरच्या अर्थ पिनला लावायची, बाहेरच्या पत्र्याला नाही. दिवा लख्ख लागला तर वीज आणि अर्थ दोन्ही पास. मंद लागला तर दिव्याची अर्थची वायर उघड्या पत्र्याला टेकवून बघा. आता प्रकाश वाढला तर दोष अर्थच्या वायरीत आहे.

अर्थिंगची पक्की परीक्षा अशी: सेट जोडून, आवाज थोडा मोठा करून, मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला आणि दुसरा कनेक्टरच्या मागच्या बाजूने अर्थ पिनला लावा. आकडा ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा त्याखाली हवा. अर्धा व्होल्ट दिसत असेल तर कुठेतरी गंज चढला आहे. डॅशबोर्डमागचा अर्थचा स्क्रू काढा, पत्रा सँडपेपरने चकचकीत करा आणि परत घट्ट बसवा. एवढ्यावर भागलेल्या गाड्या मी कितीतरी पाहिल्या आहेत.

सेट स्टेशनं विसरत असेल आणि कायमच्या पिनवर वीज असेल, तर आधी कुणी या दोन वायरींची अदलाबदल केली आहे का ते पाहा. सेटच्या कायमच्या पिनला चावीची वीज मिळत असेल तर चावी काढली की तो सगळं विसरणारच.

स्पीकर

सेटला वीज मिळते, दिवे लागतात, पण आवाज नाही. अशा वेळी सेट सोडवलेलाच ठेवून स्पीकरच्या पिनांवर मीटर ओहममध्ये लावा. चार ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ३ ते ४ दाखवतो. काही कंपन्या दोन किंवा आठ ओहमचेही वापरतात, म्हणून डाव्या-उजव्या जोडीची तुलना करा. आकडाच येत नसेल तर वायर किंवा कॉइल तुटली आहे. जवळजवळ शून्य येत असेल तर शॉर्ट आहे. मग प्रत्येक स्पीकरच्या वायरीपासून गाडीच्या पत्र्यापर्यंत मोजा: तिथे काहीच जोड दिसता कामा नये. हे मोजत असताना दारं उघडझाप करायला दुसऱ्या माणसाला सांगा. माझ्या गाडीतला दोष याच चाचणीत पहिल्या पाच मिनिटांत सापडला असता.

दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर स्पीकरच्या दोन वायरींना टेकवला तर चांगला स्पीकर ‘टक्’ करतो. टक् आलं म्हणजे कनेक्टरपासून स्पीकरपर्यंत सगळं जोडलेलं आहे. फाटका किंवा घासणारा स्पीकर ओळखायला त्याचा शंकूसारखा पडदा दोन्ही अंगठ्यांनी सारखा, हलक्या हाताने दाबा. आत खसखस जाणवली तर कॉइल घासते आहे.

या ओहम आणि सेलच्या चाचण्या स्पीकर थेट सेटला जोडलेले असतानाच लागू पडतात. काही गाड्यांत आवाजाचा वेगळा अँप्लिफायर डिकीत किंवा सीटखाली असतो आणि त्याला स्वतःचा फ्यूज आणि अर्थिंग असतं. डिकीत पाणी शिरलेल्या गाडीचा रेडिओ मुका असेल तर आधी तिथे जा.

इथे एक गोष्ट जपायची. १९८० च्या दशकानंतरच्या बहुतेक सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरी ‘जिवंत’ असतात; सेट चालू असताना प्रत्येकीवर बॅटरीच्या साधारण निम्मा, म्हणजे सहा-सात व्होल्ट असतो. त्यातली कुठलीही वायर पत्र्याला लावली तर आउटपुट आयसी जाऊ शकतो. त्याहून जुन्या काही सेटमध्ये मात्र स्पीकरची एक बाजू अर्थलाच असते. म्हणून आपला सेट कोणत्या प्रकारचा आहे हे मोजून ठरवल्याशिवाय स्पीकर बदलू नका.

आउटपुट आयसीची परीक्षाही यातूनच होते. सेट चालू, आवाज शून्य. प्रत्येक स्पीकरच्या दोन वायरींमध्ये डीसी व्होल्टेज मोजा. तो जवळजवळ शून्य हवा. एखाद्या जोडीवर एक-दोन व्होल्ट किंवा जास्त दिसला तर त्या चॅनलचा आयसी गेला आहे. तो स्पीकर लगेच सोडवा, कारण सतत वाहणारा डीसी त्याची कॉइल जाळतो.

अँटेना

कॅसेट वाजते पण स्टेशन लागत नाही, तेव्हा सेटच्या मागचा अँटेनाचा प्लग काढा आणि त्याच्या जागी पाऊण मीटर वायरीचं एक टोक मधल्या भोकात हलकेच सरकवून बघा. लांबी विचारपूर्वक निवडली आहे. एफएमच्या पट्ट्यात लहरीचा चौथा भाग साधारण एवढाच येतो. वायर खिडकीबाहेर धरल्यावर जोरकस स्टेशनं लागली तर ट्यूनर ठीक आहे आणि दोष अँटेनात.

मग अँटेना मोजा. प्लगच्या टोकापासून बाहेरच्या दांडीपर्यंत जोड असायला हवा. टोक आणि प्लगच्या बाहेरच्या कड्यामध्ये जोड नसावा. कडं आणि गाडीचा पत्रा यांत जवळजवळ शून्य ओहम हवेत. बऱ्याचदा फसतं ते या तिसऱ्या ठिकाणी: दांडीच्या बुडाशी पाणी साचून पत्रा गंजतो, कवचाचा अर्थ सुटतो, आणि रेडिओ मग इंजिनाचा सगळा आवाज पकडतो पण स्टेशन नाही. बूड खोलून गंज घासला की एएमसुद्धा परत येतं. मात्र ही मोजमापं साध्या दांडीची आहेत. बुडाशी अँप्लिफायर असलेल्या अँटेनात आकडे वेगळे दिसतात.

काचेवर रेघा असलेल्या किंवा छतावर छोटी दांडी असलेल्या अँटेनाला बहुधा असा अँप्लिफायर असतो आणि त्याला सेटमधून १२ व्होल्ट लागतात. ते पोचत नसतील तर फक्त जवळची स्टेशनं खरखरत लागतात. जुन्या, फिरत्या बटणाच्या एएम सेटमध्ये अँटेनाच्या सॉकेटजवळ एक ट्रिमर स्क्रू असतो. अँटेना बदलल्यावर १४०० किलोहर्ट्झच्या आसपास एखादं दुबळं स्टेशन लावा आणि आवाज सगळ्यात जास्त होईपर्यंत तो हळू फिरवा. या एका स्क्रूने सेटचा पल्ला किती वाढतो, हे ज्याने ऐकलं तो विसरत नाही.

खरखर, शिट्टी, टकटक

आवाज कुठून शिरतो हे ठरवायला अँटेनाचा प्लग काढा. आवाज गेला तर तो अँटेनातून येत होता. राहिला तर विजेच्या वायरीतून. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी अल्टरनेटरची. वेगाबरोबर घाई करणारी टकटक इग्निशनची; रेझिस्टर नसलेले स्पार्क प्लग किंवा चुकीच्या वायरी बसवल्या आहेत का ते बघा. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर एसी व्होल्ट मोजा: अर्ध्या व्होल्टपेक्षा बराच जास्त दिसला तर अल्टरनेटरचा डायोड संशयित. आणि हे सगळं करण्याआधी लायटरच्या सॉकेटमधला मोबाइल चार्जर, कॅमेरा, नंतर बसवलेले एलईडी दिवे एकेक करून काढा. एफएमवर खरखर आणणाऱ्यांत आजकाल हेच पुढे असतात.

आता झाकण उघडा

चारही गोष्टी ठीक निघाल्या तरच इथे यायचं. सेट टेबलावर चालवायला १२ व्होल्टचा, पाचेक अँपिअरचा सप्लाय घ्या. कायमची आणि चावीची वीज दोन्ही प्लसला जोडा, अर्थ निगेटिव्हला आणि एक सुटा स्पीकर लावा. सुरुवातीला तोच २१ वॅटचा दिवा सिरीजमध्ये ठेवा. गाडीतल्या डिजिटल जाळ्याशी बोलणारे नंतरचे सेट मात्र टेबलावर मुळीच चालू होत नाहीत. तेवढ्यावरून त्यांना बाद ठरवू नका.

दोन प्रकारच्या सेटपासून जपून राहा. १९५० च्या दशकातल्या व्हॉल्व्हच्या सेटमध्ये १२ किंवा ६ व्होल्टपासून शेकड्यांत व्होल्ट तयार होतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतात. अनुभवी हाताशिवाय ते उघडू नका. तसंच काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत प्लस पत्र्याला असतो. तिथे सवयीने काळी वायर निगेटिव्हला जोडली की सेट जळतो.

उघडल्यावर आधी वास घ्या आणि भिंगातून बघा. जळका डाग, फुगलेला कपॅसिटर, कनेक्टरच्या पिनांभोवती सोल्डरमध्ये दिसणारी बारीक गोल चीर. ही चीर मी सगळ्यात आधी शोधतो. कनेक्टर वर्षानुवर्षं ओढला जातो, आउटपुट आयसी तापतो-थंडावतो, आणि सांधा तिथेच सुटतो. थोडं फ्लक्स लावून जुनं सोल्डर वितळवून नवं भरलं की खड्ड्यात आवाज जाणं थांबतं. लाकडी काडीने बोर्डवर हलके टकटक करत गेलं की सुटलेला सांधा स्वतःच सापडतो.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने आतून सुकतात. आवाज पातळ होणं, बास जाणं, घुमघुम येणं ही त्याची खूण. १९९० च्या आसपासच्या सेटमधले पत्र्याच्या डब्यांसारखे छोटे कपॅसिटर गळतातही. बोर्डला मासळीसारखा वास येतो आणि आजूबाजूचे तांब्याचे पट्टे काळे पडतात. बदलताना तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, त्याच किंवा जास्त व्होल्टचे, १०५ अंशांचे घ्या. निगेटिव्हची पट्टी कुठे होती हे काढण्याआधीच टिपून ठेवा. गळालेलं द्रव अल्कोहोलने पुसल्याशिवाय नवा लावू नका, नाहीतर तो पट्टा पुढे खातच राहील.

आवाजाचं बटण फिरवताना खरखर होत असेल तर इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा त्याच्या फटीत मारा आणि बटण तीस-चाळीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. गंज सोडवणारं तेल इथे चालत नाही. ते धूळ धरून ठेवतं. कॅसेट फिरवणारा रबरी पट्टा चिकट काळ्या डांबरासारखा झाला असेल तर पुलीवरून तो अल्कोहोलने पूर्ण उतरवा, मगच नवा घाला. सीडी वाचत नसेल तर लेन्स कापसाच्या काडीने, जोर न देता पुसा.

परत बसवताना

कनेक्टर टक् करून बसल्याची खात्री करा. वायरी सेटच्या मागे अशा दुमडा की पत्र्याच्या धारेवर किंवा हीटरच्या दांडीखाली चेंगरणार नाहीत. कोड भरा, चारही स्पीकर एकेक करून ऐका, हेडलाइट आणि वायपर चालू करून पुन्हा ऐका.

मग मल्टीमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावून बॅटरीची निगेटिव्ह वायर आणि टर्मिनल यांच्यामध्ये जोडा. मीटर असा जोडलेला असताना इंजिन स्टार्ट करू नका. दारं बंद, चावी बाहेर, अर्धा तास गाडी झोपू द्या. आकडा ५० मिलीअँपिअरच्या खाली यायला हवा. जास्त राहिला आणि रेडिओचा फ्यूज काढल्यावर खाली आला, तर सेट झोपत नाही: चावीची वीज आणि कायमची वीज कुठेतरी एकमेकींना जोडली गेली आहेत. रात्रीत बॅटरी उतरण्याआधी तो कनेक्टर पुन्हा सोडवून दोन्ही पिना मोजा.